डोंगराचे गवत, जनावराचे पोट आणि मातीतले जीव

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावाचा विषय सोडून हे लोक भोर-वेल्ह्याच्या डोंगरातले गवत काय सांगत बसले, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात येईल. भावावर बोलणारे वक्ते आमच्यामागून आहेत. आम्हाला अर्धा तास मिळाला आहे आणि तो आम्ही मातीसाठी मागून घेतला आहे.

तुमच्यापैकी ज्यांनी माती तपासून घेतली असेल त्यांनी तो कागद आठवावा. सेंद्रिय कर्बाच्या रकान्यात ०.३ नाहीतर ०.४ असा आकडा असतो आणि खाली शिफारस असते: एकरी इतक्या गाड्या शेणखत टाका. शिफारस चूक नाही. पण शेणखत आणायचे कोठून? ट्रॅक्टर आला, बैलजोडी गेली. बुटकी संकरित ज्वारी आली, कडबा घटला. मग ज्वारीच घटली आणि सोयाबीन आले. गायरान कोणी कसले, कोठे इमारती उभ्या राहिल्या. दावणीला सहा जनावरे होती तेथे एक उरले. माती आणि जनावर यांचे नाते तुटले असे सगळेच म्हणतात, पण ते नाते नेमके कशाचे होते असे विचारले तर 'शेणाचे' एवढेच उत्तर येते. आम्हालाही तेवढेच येत होते.

म्हणून फाल्गुनात आम्ही सहा जण, जेथे जनावर अजून मोकळ्या डोंगरावर चरते, तेथे जाऊन आलो. नसरापूरहून वेल्हे, तेथून केळदच्या बाजूला घाटमाथ्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी भोरहून हिर्डोशीच्या अंगाने वरंध घाटाकडे. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका असे नाव दिले आहे. एसटीत बसलेला माणूस अजून वेल्हेच म्हणतो, आम्हीही तेच म्हणणार.

हा मुलूख आपल्यासारखा नाही, हे आधीच सांगतो. घाटमाथ्यावर चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेला सातारा रस्त्यापाशी आलात की तो हजाराच्या खाली येतो. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत ही सगळी धरणे याच दोन तालुक्यांत. भाटघरचे धरण १९२८ साली पुरे झाले, तेव्हापासून या डोंगराचे पाणी नीरेच्या कालव्यांनी खालच्या उसाला जाते, आणि वरच्या वाडीतल्या बाया मार्च महिन्यात हंडा घेऊन दरीत उतरतात. तो वेगळा विषय आहे, त्यासाठी वेगळा अर्धा तास लागेल.

पण एका बाबतीत हा डोंगर आणि आपले काळे रान सख्खे भाऊ आहेत. दोघांच्याही वाट्याला आठ महिने कोरडे येतात. पुढे आम्ही जे सांगणार आहोत ते सगळे या आठ महिन्यांवर उभे आहे.

खोऱ्यात कुणबी. त्यांचा भात खाचरात, नाचणी-वरी उतारावर. वर माथ्यावर गवळी धनगरांचे वाडे, त्यांच्याकडे म्हशी. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या दोघांनी या गवळी धनगरांचा अभ्यास करून १९८२ साली प्रसिद्ध केला आहे. डोंगराची वाटणी कशी होती ते त्यात दिसते. खालचे रान आणि बैल कुणब्याचे, वरचे सडे आणि म्हशी गवळ्याच्या; गवळ्याने लोणी-तूप खाली न्यायचे आणि धान्य वर आणायचे. कोणी कायदा करून दिला नव्हता, पण कोणाचे जनावर कोठे आणि कधी चरणार हे ठरलेले होते. आज वाड्यांवर म्हातारी माणसे आणि थोड्या म्हशी उरल्या आहेत.

अशाच एका वाड्यावर आम्ही बसलो होतो. आम्ही काळ्या रानातली माणसे, गुडघ्याएवढे वाळलेले गवत डोंगरभर उभे पाहून आमचा जीव वरखाली होत होता. आम्ही म्हटले, "आजी, एवढं गवत कापून गंजी का लावत नाही?" आजी हसल्या. "कापायला मानसं हायती कुठं, बाळा? पोरं समदी पुन्याला. आता ह्ये उभंच ऱ्हायचं, न्हाईतर जळायचं."

आणि खरेच, समोरचा दांड काळा होता. वणवा येऊन चार-पाच दिवस झाले असावेत. मजा अशी की वाड्याच्या भोवती, हाकेच्या अंतरापर्यंत, वणवा आलाच नव्हता. म्हशींनी तेथे जाळायला काही ठेवलेच नव्हते. त्या उघड्या जागेत शेणाचे जुने पो पडलेले होते आणि प्रत्येक पोभोवती गवताच्या बुडख्यात किंचित हिरवे होते. दहा पावलांवर पाणवठा, आणि तेथे मात्र जमीन अंगणासारखी घट्ट. काठी टोचली तर टक असा आवाज आला.

एकाच डोंगरावर तीन तऱ्हेच्या जागा: जळालेली, चरलेली, तुडवलेली. त्यांच्यातला फरक वरून दिसतो त्याहून मातीच्या आत जास्त आहे, आणि तो करणारे जीव डोळ्यांना दिसत नाहीत.

हे जीव तुम्हाला अनोळखी नाहीत. तूर पेरताना रायझोबियमचे पाकीट गूळपाण्यात कालवून बियाण्याला चोळता, ते हेच. फक्त पाकिटात एका जातीचे असतात आणि मातीत हजारो जातींचे. चिमूटभर चांगल्या मातीत शंभर कोटीपर्यंत जिवाणू असतात, शिवाय बुरशीचे धागे वेगळे. पालापाचोळा, मेलेली मुळे, शेण हे सगळे खाऊन ते त्यातले नत्र, स्फुरद पिकाला घेता येईल असे करून देतात. मातीचा कण कणाला चिकटवतात, त्यामुळे पाणी आत मुरते. सेंद्रिय कर्ब म्हणून आपण जो मोजतो त्याचा मोठा भाग म्हणजे या जिवांनी खाऊन उरवलेले आणि त्यांची स्वतःची मेलेली शरीरे.

पण या गड्यांना कामाला दोन गोष्टी लागतात. एक ओल आणि दुसरी शिधा. ओल गेली की ते मरत नाहीत, निजतात. आपल्या रानात दिवाळीनंतर वरची वीतभर माती वाळली की ते निजतात ते रोहिणी-मृगापर्यंत. डोंगरावरही तेच. श्रावणात वाढलेले गवत मार्गशीर्षात वाळून उभे आहे आणि ते कुजवणारे कामगार झोपलेले आहेत.

आणि शिधाही बेताचा. वाळलेल्या कुसळीत नत्राच्या साठ-सत्तर पट कर्ब असतो. सूक्ष्मजीवांना झेपते ते पंचवीस-तीस पट. त्याहून जाड अन्न दिले की ते कमी पडलेले नत्र मातीतून ओढून घेतात. हे तुम्ही स्वतःच्या शेतात पाहिले आहे. ज्वारीची धसकटे गाडून लगेच वर पीक घेतले की पीक पिवळे पडते. धसकटे कुजवायला जिवाणूंनी नत्र उसने घेतलेले असते, पिकाला राहत नाही.

आता म्हशीच्या पोटात जाऊ. म्हशीचे पहिले पोट ही शंभर लिटरच्या आसपासची हांडी आहे. आत ओल आहे, उष्णता सदोदित ३९ अंशांच्या जवळ, हवा नाही. त्या हांडीत गवत पचवतात ते म्हशीचे रस नव्हेत, तेही सूक्ष्मजीवच. मातीतले आठ महिने निजलेले, पोटातले बारा महिने जागे. डोंगरावर जे गवत कुजायला पुढचा पावसाळा उजाडला असता, ते दोन-तीन दिवसांत पोटातून मऊ होऊन बाहेर पडते. शेणात कर्ब नत्राच्या वीसेक पट, म्हणजे मातीतल्या जिवाणूंना पहिल्या सरीला तयार शिधा. खाल्लेल्या नत्राचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग शेण-मुतातून परत जमिनीवर येतो. दुधात आणि मांसात जातो तो थोडा.

शेणाला आपण खत म्हणतो, ते खरेच आहे. पण कोरड्या मुलखात चरणारे जनावर याहून मोठे काम करते. मातीतले जीव निजलेले असतात त्या महिन्यांत त्यांचे अर्धे काम ते स्वतःच्या पोटात उरकून देते.

दुसरे काम दात करतात. गवत वरून खुडले की मुळांतून गोडसर रस जास्त पाझरतो, त्यावर मुळाभोवतीचे जिवाणू वाढतात, ते मातीतले अडकलेले नत्र मोकळे करतात आणि तेच नत्र घेऊन गवत पुन्हा फुटते. ही कल्पना नव्हे. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या एका गवतावर हा प्रयोग झाला आणि २००१ साली प्रसिद्ध झाला. गवताने जणू आपल्या गड्यांना उचल देऊन काम करून घेतले. मात्र हे ओल असताना, आणि एकदा चरल्यावर गवताला सावरायला वेळ मिळाला तर. फुटलेला कोंब पुन्हा, त्यानंतर पुन्हा खाल्ला की गवत मुळे आखडते. मुळे आखडली की रस नाही, रस नाही की गडी उपाशी. मग मारवेल-पवन्यासारखे चवीचे गवत जाते आणि कुसळी, टाकळा, रानमोडी राहते.

तिसरे काम खुरांचे, आणि त्यात तोटाच जास्त. चिखलात खूर पडला की मातीतल्या पोकळ्या मिटतात. हवा जाते. हवेवर जगणारे जीव गुदमरतात आणि हवेशिवाय जगणारे वरचढ होतात. यातले काही नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि नत्र हवेत सोडून देतात. म्हणजे शेणातून आलेले नत्र खुराच्या पायी उडून गेले. पाणवठ्यापाशी टक आवाज करणारी जमीन ती हीच. उतारावर असे पट्टे पडले की पावसाचे पाणी मुरत नाही, माती घेऊन धावते आणि थेट धरणात बसते.

जुन्या लोकांनी हे कोणत्या पुस्तकात वाचले नव्हते. माणदेश-फलटणकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरतात, वरंध घाट ही त्यांच्या वाटांपैकी एक. कोकणात भात निघालेल्या खाचरांत मेंढ्या बसवतात आणि पावसाच्या आधी पुन्हा कोरड्या देशावर परततात. का? तर चिखलात मेंढीचे खूर सडतात. मेंढपाळाने खूर वाचवले, त्यात ओली मातीही वाचली.

जगभर गवताळ रानांत चराईचे जे प्रयोग झाले त्यांचा एकत्र हिशेब २०१७ साली मांडला गेला, त्याचा कौलही असाच आहे. भारी चराईने मातीतला कर्ब, नत्र आणि सूक्ष्मजीव घटतात. हलक्या चराईने घटत नाहीत, काही ठिकाणी कर्ब-नत्राची भर पडते. तेव्हा चराई चांगली की वाईट, हा प्रश्नच अर्धवट आहे. किती, केव्हा आणि मध्ये विसावा किती, एवढे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

आपल्याकडे मात्र उत्तर फार पूर्वी ठरून गेले. आदर्श गाव योजना १९९२ साली आली तेव्हा नशाबंदी, कुऱ्हाडबंदीच्या जोडीला चराईबंदी बसली. राळेगण सिद्धी, हिवरे बाजार या गावांनी ती पाळली आणि त्यांचे डोंगर हिरवे झाले, हे कोणी नाकारू नये, आम्हीही नाकारत नाही. पण तेथे काय झाले ते नीट पाहा. बंदी मोकळ्या चराईवर होती, जनावरावर नव्हती. गवत वाढले ते गावाने कापून घरी नेले, गोठ्यात घातले, दूध वाढले, शेण शेतात गेले. गवताला जनावराचे पोट मिळालेच, फक्त गोठ्यात मिळाले. शिवाय तो कमी पावसाचा, उघडा पडलेला डोंगर; त्याला विसाव्याची गरज होती.

तीच पाटी उचलून तोरण्याच्या पाठीमागच्या सड्यावर लावली तर काय होते? गवत कापायला माणूस नाही, आजींनी सांगितलेच. जनावर उठवले. गवत उभे राहिले. मग वणवा. आमचे म्हणणे एवढेच आहे की या डोंगरावर निवड चरलेल्या आणि न चरलेल्या गवतात नाही. गवत म्हैस खाईल नाहीतर आग खाईल.

आगीने काय होते? गवताच्या वणव्याची धग मातीत फार खोल जात नाही, वरच्या बोटभर थरापुरती. खालचे जीव वाचतात. गावातला माणूस म्हणतो की जाळल्यावर कोवळे गवत लवकर फुटते, तेही डोळ्यांनी दिसते, त्याला खोटे ठरवण्यात अर्थ नाही. पण त्या गवतातले बहुतेक सगळे नत्र धुरातून गेले. राखेत पालाश, चुना, स्फुरद उरला, तो सपाट शेतात कामाला येतो. उतारावर मृगाची पहिली जोरदार सर त्याला ओढ्यात घेऊन जाते. आणि मातीतले जीव जागे होतात तेव्हा ताटात काही नसते. एक वर्ष असे गेले तर डोंगर सोसतो. दरवर्षी जळत असेल तर मातीची गादी पातळ होत जाते आणि कातळ वर येतो. राजगडाच्या वाटेवर तो किती वर आला आहे ते गड चढणाऱ्या पोरांना विचारा.

भोर-वेल्ह्यात जे आम्ही डोळ्यांनी पाहिले त्याच्या जवळ जाणारा, मोजमापाने केलेला प्रयोग आपल्याच देशात झाला आहे, तो हिमाचल प्रदेशात, स्पितीच्या खोऱ्यात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले सुमंता बागची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ पासून तेथल्या कुरणात काही तुकड्यांना कुंपण घातले, शेजारचे तुकडे याक, शेळ्यामेंढ्या, रानबकऱ्यांना मोकळे ठेवले आणि दोन्हीकडची माती वर्षानुवर्षे तपासली. हा निकाल २०२२ साली छापून आला. कुंपणाच्या आत, जेथे जनावर जात नव्हते, मातीतला कर्ब दरसाल वरखाली होण्याचे प्रमाण ३० ते ४० टक्क्यांनी जास्त निघाले. चरलेल्या जागी तो स्थिर होता. मुळाशी कारण नत्राचे.

स्पिती म्हणजे समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरच्या वरचे थंड वाळवंट. तेथला आकडा उचलून वेल्ह्याला चिकटवणे शहाणपणाचे नाही. तेथे गड्यांना थंडी निजवते, येथे कोरड. पण जनावर हलवले म्हणजे माती आपोआप सुधारते हा जो आपल्याकडे सिद्धांतासारखा चालतो, त्याला हा प्रयोग मोठा धक्का आहे.

याच मंडळींनी २०२३ साली आणखी एक गोष्ट पुढे आणली आणि ती आपल्यालाही लागू आहे. रानटी जनावरे चरतात तेथली माती आणि पाळीव जनावरे चरतात तेथली माती त्यांनी शेजारी ठेवून पाहिली. दोन्हीत पुष्कळ सारखेपणा, पण पाळीव जनावरांच्या मातीतल्या सूक्ष्मजीवांना खाल्लेले अंगी कमी लागत होते. म्हणजे कर्ब खाल्ला की त्यातला मोठा वाटा श्वासावाटे हवेत, शरीरात थोडा. मातीत कर्ब साठतो तो त्यांच्या शरीरातून, त्यामुळे साठाही कमी. या फरकाचा धागा त्यांनी जोडला तो टेट्रासायक्लिनसारख्या प्रतिजैविकांशी. आजारी जनावराला टोचतो ते औषध शेण-मुतातून मातीत उतरते. जंतू मारायला केलेले औषध, ते मातीतल्या जिवाणूंना कसे ओळखणार?

जंताच्या औषधाचेही असेच. आयव्हरमेक्टिन दिलेल्या जनावराच्या ताज्या शेणात शेणकिड्यांच्या अळ्या मरतात. शेणकिडा शेण गोळ्यागोळ्याने जमिनीत पुरतो, बिळे पाडतो, हवा-पाणी आत नेतो. तो नसला की पो वरच वाळून गोवरी होतो. डायक्लोफेनॅकने गिधाडे संपली तेव्हा आपण हळहळलो, सरकारने २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. गिधाड आकाशात दिसते म्हणून त्याचे नसणे कळले. जिवाणूंचे कोण मोजतो? औषध देऊ नका असे आम्ही म्हणत नाही. घटसर्प झालेल्या म्हशीला इंजेक्शन द्यावेच लागते. पण दर महिन्याला 'ताकद येते' म्हणून सगळ्या कळपाला टोचणे बंद करा. आणि औषध दिलेले जनावर चार-आठ दिवस एका बाजूला बांधा, त्याचे शेण वेगळ्या खड्ड्यात कुजू द्या.

आता हक्काचा मुद्दा, कारण विज्ञान कळले तरी डोंगरावर कोणाचे चालते हा प्रश्न राहतोच. वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्यात चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, एका जागी राहणाऱ्यांचा आणि फिरत्या पशुपालकांचाही. पण धनगर महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नाहीत. म्हणून वाड्यावरच्या माणसाला 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून दावा करावा लागतो आणि त्यासाठी १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, येथे राहिल्याचा पुरावा लागतो. ज्याचा धंदाच फिरण्याचा, त्याने पिढ्यांचे कागद कोठून आणायचे? म्हणून आमची सूचना आहे की दावा एकेकट्याने करू नये. खालच्या कुणब्यांनी आणि वरच्या गवळ्यांनी एकत्र ग्रामसभेत बसून सामूहिक चराईचा दावा करावा, आणि त्याच ठरावात लिहावे की कोणता सडा कोणत्या महिन्यात बंद, कोणता खुला, पावसाच्या ऐन भरात कोठे जनावर न्यायचे नाही, वणव्याला पहिले कोण धावणार. बंदी वनखात्याने घातली की ती मोडायची असते. आपण ठरवलेली पाळी आपण पाळतो.

दुसरी अडचण आपण आणि सरकार दोघांनी मिळून करून ठेवली आहे. सरकार गवताळ रानाला 'पडीक' म्हणते. पडीक म्हटले की तेथे खड्डे खणून झाडे लावायची. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर गिरिपुष्प उभा राहिला, त्याखाली गवत राहिले नाही. आणि आपली बाजू अशी की म्हातारे बैल डोंगरावर सोडून दिले जातात. राज्यात २०१५ पासून बैल-वळू कापायलाही बंदी आहे. विकायचा कोणाला, पोसायचा कसा? मग तो डोंगरावर जातो, ना त्याला गुराखी ना विसाव्याची पाळी. हलकी चराई ठेवायची तर जनावर कमी करण्याची मोकळीक शेतकऱ्याला हवी. ती काढून घ्यायची आणि वर डोंगर बोडका केला म्हणून शेतकऱ्यालाच बोल लावायचा, हे चालणार नाही.

राहिले आपले काळे रान. आपल्याकडे डोंगर नाही, गायरान उरलेले नाही, म्हशी नाहीत. पण मेंढ्यांचे कळप अजून येतात. पऱ्हाटीची शेवटची वेचणी झाली, ज्वारी निघाली, की बांधावर धनगर येऊन विचारतो, "पाटील, बसवायच्या का चार राती?" आपल्यापैकी काही जण हाकलून देतात. यंदा बसवून घ्या, फक्त दोन गोष्टी सांभाळा. पहिली: कपाशीवरच्या शेवटच्या फवारणीला पुरेसे दिवस झाले नसतील तर कळप आत घेऊ नका आणि काय फवारले ते धनगराला खरे सांगा. मेंढी मेली तर त्याचे वर्ष गेले. दुसरी: मेंढ्या उठल्या की त्याच दिवशी वखराची पाळी द्या. मेंढीच्या मुतातला युरिया जिवाणूंच्या रसाने एक-दोन दिवसांत अमोनिया होतो, आणि आपली जमीन चुनखडीची, ऊन कडक, त्यामुळे तो उडून जातो. मातीआड केला तर राहतो. लेंड्या वर दिसतात म्हणून आपण त्यांनाच खत समजतो. पिकाला लवकर लागणारे नत्र मुतात जास्त असते. रस्त्यावरचा कळप हाकलताना आपण काय हाकलतो, याचा हिशेब प्रत्येकाने घरी करावा.

शेवटी एक काम. प्रयोगशाळा तालुक्याला आहे, सूक्ष्मजीव मोजण्याची तर तेथेही नसते. पण कापूस पिकवणाऱ्यांना त्याची गरज नाही. निखळ सुती कापडाचे, जुन्या धोतराचे म्हणा, वीतभर तुकडे फाडा. नायलॉन-टेरिकॉट चालणार नाही. मृगाची ओल झाली की एक तुकडा मेंढ्या बसलेल्या शेतात, एक न बसलेल्या शेतात, एक बांधावर जेथे कधी नांगर लागला नाही तेथे, असे सहा इंच खोल पुरा आणि जवळ खुंटी ठोका. दोन महिन्यांनी, पोळ्याच्या सुमाराला, उकरा. कापूस म्हणजे निव्वळ कर्ब, मातीतले गडी तो खातात. जेथे कापडाची जाळी झाली तेथे गडी जागे आहेत. जेथे धोतर जसेच्या तसे निघाले, तेथे काय समजायचे ते समजा. आमच्यापैकी दोघे असेच तुकडे घेऊन केळदच्या वाड्यावर जाणार आहेत. एक वाड्याभोवती, एक जळालेल्या दांडावर, एक पाणवठ्यापाशी पुरण्याचे आजींशी ठरले आहे. त्यांनी विचारले, "आन् म्हशीनं उकरून खाल्लं तर?" त्यावर उत्तर आमच्याजवळ नव्हते, म्हणून खुंटीभोवती चार दगड रचायचे असे ठरले.

पोळ्यानंतरच्या बैठकीला तुमची कापडे घेऊन या. कागदात गुंडाळून, वर गट नंबर आणि शेतात काय होते ते लिहून. आणि कृपा करून धुऊन आणू नका.